आधी अंदाजपत्रक वाचा : तरुणांच्या हक्कविषयक प्रकल्पांना अनुदान कसं मिळतं

मागच्या पावसाळ्यात एका तालुक्यातल्या तरुण गटाने आपला प्रस्ताव मला वाचायला पाठवला. विषय होता, गावातल्या मुलींचा ग्रामसभेतला सहभाग. पहिल्या चार पानांत संविधान, समता, सक्षमीकरण हे सगळे शब्द होते. मी सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी उघडलं, म्हणजे अंदाजपत्रक. फ्लेक्स आणि स्टेज, ९,००० रुपये. पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, ४,०००. फोटो आणि व्हिडिओ, ६,०००. वक्त्यांचं मानधन आणि प्रवास, १२,०००. मुलींच्या प्रवासखर्चाची ओळच नव्हती.

पुढच्या रविवारी भेटलो तेव्हा मी एवढंच विचारलं की ती ओळ कुठे आहे. गटातली एकुलती एक मुलगी तोवर गप्प बसली होती. ती म्हणाली, “ताई, कार्यक्रम सहाला संपणार. आमच्याकडची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते.”

अनुदानाबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आलं. प्रकल्प कोणाच्या हक्कांचा आहे हे प्रस्तावातल्या शब्दांवरून कळत नाही. पैसा कशावर खर्च होणार आणि तो कोण ठरवणार, यावरून कळतं. म्हणून अनुदान ही काय वस्तू आहे, हे तरुणांनी स्वतः समजून घ्यायला हवं. ते काम सीएवर किंवा शहरातल्या ‘प्रस्ताव लिहून देणाऱ्या’ माणसावर सोडू नये.

देणगी वेगळी, अनुदान वेगळं

गणपतीची वर्गणी किंवा देणगी देताना माणूस विश्वासाने देतो आणि विसरून जातो. अनुदानात देणारा विसरत नाही. ते परत फेडायचं नसतं, म्हणून ते कर्ज नाही. पण ते ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या ओळींवर खर्च करायचं असतं. त्यासाठी दोन्ही बाजू करारावर सही करतात. पैसा बहुधा हप्त्यांनी येतो. पहिला हप्ता करारानंतर, दुसरा हप्ता पहिल्याचा हिशेब आणि अहवाल पोचल्यावर. उरलेली रक्कम परत करावी लागते किंवा परवानगी घेऊन पुढे न्यावी लागते.

हक्कांच्या कामात इथे एक अडचण येते. शाळेला बेंच दिले तर बेंच मोजता येतात. पण एका मुलीने ग्रामसभेत उभं राहून पहिला प्रश्न विचारला, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? बदल हळू होतो, कधी भांडण होतं, कधी पुढारी नाराज होतात. त्यामुळे पुष्कळ देणारे हा विषय टाळतात आणि शिलाई मशीन किंवा संगणक वर्गाकडे वळतात. ती कामं चांगलीच आहेत. पण हक्कांच्या कामाला पैसा कमी का मिळतो, याचं हे एक खरं कारण आहे.

पैसा येतो कुठून

पहिली वाट कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि ‘सीएसआर’, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा शब्द तालुक्यातालुक्यात पोचला. पैसा कोणत्या कामांवर खर्च करता येईल त्यांची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तीत शिक्षण आहे, स्त्री-पुरुष समानता आहे, सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागे ठेवलेल्या गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करणं आहे. ‘मानवी हक्क’ असं स्वतंत्र कलम नाही. त्यामुळे मुलींच्या ग्रामसभेतल्या सहभागाचा प्रकल्प तिथे ‘स्त्री-पुरुष समानता’ या दारातून जातो. ते प्रामाणिक आहे, कारण काम तेच आहे. मात्र तुमचं काम ज्या कारखान्याच्या सांडपाण्याला प्रश्न विचारणार असेल, त्याच कारखान्याचा निधी घेऊ नका. पुढे कधीतरी तुम्हाला किंवा त्यांना शब्द गिळावे लागतील.

सीएसआरचा पैसा घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, कंपनी मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ फॉर्मने नोंद लागते, आणि सर्वसाधारण संस्थेला आयकराची १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) व ८०-जी (देणगीदाराला करसवलत) ही कागदपत्रं लागतात. एक गैरसमज वारंवार कानावर येतो, की “सीएसआरमध्ये प्रशासन खर्च ५ टक्केच चालतो.” नियमातली ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सामान्य प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पावर राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाला ती लागू नाही. हे माहीत नसल्यामुळे कित्येक गट कार्यकर्त्याचं मानधन आपणहून कापून टाकतात.

दुसरी वाट परदेशी पैशाची. इथे पाऊल जपून टाकावं लागतं. २०१० चा परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘एफसीआरए’, सांगतो की केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेने परदेशी पैसा घ्यायचा नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासन खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. ग्रामीण भागातल्या छोट्या गटांना या शेवटच्या बदलाचा सर्वांत मोठा फटका बसला. पूर्वी पुण्या-मुंबईची मोठी संस्था परदेशी निधी घेई आणि त्यातला थोडा भाग वाडीवस्तीवरच्या गटाला देई. ती वाट बंद झाली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत आपले ओळखीचे शब्द भेटतात : बंद, हरताळ, रस्ता रोको, रेल रोको, जेल भरो. लोकांच्या प्रश्नांसाठी या मार्गांचा नेहमी वापर करणाऱ्या संस्थेला सरकार ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवू शकेल आणि मग तिला परदेशी पैसा घेता येणार नाही, असा तो नियम होता. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ मर्यादित केला. सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नासाठी सनदशीर मार्गाने आवाज उठवला, एवढ्यावरून तिचा परदेशी निधी थांबवता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तरुणांच्या गटांना हा निकाल माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. प्रश्न विचारणं म्हणजे राजकारण, हे वाक्य ऐकून बरेच जण सुरुवातीलाच गप्प होतात.

घराघरात उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट. न्यू जर्सीतल्या मावशीने पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरतात का? तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि ती स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर नाही. तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर हो, मग तिच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड, असलं तरी. पैसे येण्याआधी हा प्रश्न विचारा. आल्यानंतर विचारलात तर फार उशीर झालेला असतो.

तिसरी वाट आपल्याच देशातल्या धर्मादाय निधींची आणि आपल्या माणसांची. अझीम प्रेमजी फाउंडेशनसारख्या संस्था भारतीय पैशातून स्थानिक शासन, महिला आणि वंचित गटांच्या कामाला अनुदान देतात. मुंबईच्या ‘कोरो’सारख्या संस्था वस्तीतल्या आणि गावातल्या कार्यकर्त्यांना फेलोशिप देतात, म्हणजे एखाद्या कार्यक्रमापेक्षा माणसावर पैसा लावतात. आणि महाराष्ट्राची स्वतःची एक परंपरा आहे, ती मला सर्वांत जवळची वाटते. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा केला आणि त्यातून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ साकारला. त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याची व्यवस्था झाली. समाजासाठी राबणाऱ्या माणसाच्या घरी चूल पेटली पाहिजे, हे तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांनी मान्य केलं. हक्कांच्या कामासाठी याहून स्वच्छ पैसा मला माहीत नाही.

टेबलाच्या कोणत्या बाजूला तरुण

पैसा वाटायच्या टेबलावर तरुण स्वतः बसले तर काय होतं, हे बघायचं असेल तर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला जावं लागतं. ४६ देशांची ‘कौन्सिल ऑफ युरोप’ ही संघटना तिथे आहे. युरोपियन युनियन वेगळी, ही वेगळी. तिने १९७२ मध्ये ‘युरोपियन युथ फाउंडेशन’ हा निधी सुरू केला. मानवी हक्क, लोकशाही आणि सहभाग या विषयांवरच्या तरुणांच्या प्रकल्पांना तो अनुदान देतो. कोणत्या प्रकल्पाला पैसा द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत सरकारांचे प्रतिनिधी आणि युवा संघटनांचे प्रतिनिधी समसमान असतात. सरकारी अधिकाऱ्याच्या मताला जेवढं वजन, तेवढंच युवा संघटनेतून आलेल्या पंचविशीतल्या मुलीच्या मताला. ते याला सहव्यवस्थापन म्हणतात.

दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. तिथे स्वयंसेवकांचा वेळ गटाचा वाटा म्हणून हिशेबात धरता येतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत पण शंभर संध्याकाळी आहेत, तो रिकाम्या हाताने आलेला नाही, हे ती पद्धत मान्य करते. भारतातल्या गटाला हा निधी मिळत नाही, तो युरोपातल्या युवा संस्थांसाठी आहे. तिथे शिकणारी आपली मुलं एखाद्या युवा संस्थेत काम करत असतील तर त्यांनी जरूर चौकशी करावी. बाकीच्यांनी ती पद्धत तेवढी उचलावी : अंदाजपत्रकाखाली एक तक्ता जोडा आणि स्वयंसेवकांचे तास लिहा. देणारा विचारो न विचारो, तुमच्या गटाला स्वतःची किंमत कळेल.

प्रस्ताव : एक प्रश्न पुरे

त्या गटाकडे परत येते. ‘सक्षमीकरण’ हा शब्द बाजूला ठेवून मी विचारलं, “तुमच्या गावात नेमकं काय अडलंय?” बराच वेळ चर्चा झाली. मग एक मुलगा म्हणाला की ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, पण आमच्याकडे तो कुठे जातो हे कोणालाच माहीत नाही. तिथे प्रकल्प सापडला.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क आहे. म्हणजे हक्क कागदावर आहेत. अडतं ते माहिती मिळवण्यावर, एकत्र येण्यावर आणि सभेत उभं राहून बोलण्यावर. अनुदान नेमकं त्या तीन गोष्टींसाठी मागायचं.

मग प्रस्ताव दोन पानांत मावला. पाच गावं. प्रत्येक गावातून १५ ते २९ वयोगटातल्या सहा मुली आणि चार मुलगे. आपल्या देशाच्या २०१४ च्या युवा धोरणात युवक म्हणजे हाच वयोगट. पहिले तीन महिने तीन वर्षांचे जमाखर्च मिळवून वाचायला शिकायचं. नंतर महिलांच्या सभेत ते मांडायचे. मग ग्रामसभेत ठराव. बदल झाला हे कसं कळणार? सुरुवातीला आणि शेवटी तीनच आकडे नोंदवायचे : महिला सभेला किती जणी आल्या, त्यांतल्या किती जणी बोलल्या, आणि १० टक्क्यांतले किती रुपये खरंच खर्च झाले. इंग्रजीत याला इंडिकेटर, बेसलाइन अशी भारदस्त नावं आहेत. नावांना घाबरू नका. शेतकरी पेरणीआधी विहिरीचं पाणी बघून ठेवतो, ती बेसलाइनच असते.

यातल्या काही मुली अठरा वर्षांखालच्या होत्या. मग पालकांची लेखी संमती, मुक्कामाला जबाबदार बाई, आणि फोटो छापण्याआधी विचारणं आलंच. अशा एखाद्या मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या, कायद्याने बंधनकारक आहे. हे गटातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं.

नवं अंदाजपत्रक लिहिताना शाल-श्रीफळ गेलं आणि स्टेज गेलं, बैठका शाळेच्या व्हरांड्यात ठरल्या. त्याजागी आलं : मुलींना घरी सोडायला वडाप जीप, दर बैठकीला. लहान बाळ असलेल्या सुनांसाठी बाळाला सांभाळणाऱ्या बाईचं मानधन. खुणांची भाषा जाणणाऱ्या व्यक्तीचे तीन दिवस, कारण एका गावात ऐकू न येणारी एक मुलगी होती आणि तिला यायचं होतं. झेरॉक्स आणि अर्जांचे पैसे. एका समन्वयकाचं दरमहा मानधन. आणि अडीअडचणीसाठी थोडी राखीव रक्कम. काही देणारे ही शेवटची ओळ खोडतात, तरी मागावी, कारण पावसात एक पूल गेला की प्रवासखर्च दुप्पट होतो.

समन्वयकाच्या मानधनाबद्दल मुलं संकोचत होती. ‘समाजसेवा आहे, पैसे कसे घ्यायचे?’ हा संकोच चांगल्या घरच्या, पोटाची काळजी नसलेल्या मुलांना परवडतो. मानधन नसेल तर शेतमजुराच्या मुलीला समन्वयक होताच येणार नाही, आणि मग मुलींच्या हक्कांचा प्रकल्प पुन्हा सरपंचाच्या पुतण्याच्या हातात जाईल.

कागद, खातं आणि हिशेब

गट नवा असेल तर नोंदणीची घाई करू नका. महाराष्ट्रात संस्था नोंदवायची म्हणजे १८६० चा सोसायटी कायदा, किमान सात सभासद, आणि जोडीला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. म्हणून आपल्याकडच्या संस्थेच्या लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात, एक सोसायटीचा आणि एक ‘एफ’ नंबर. पुढे दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. हे सगळं सांभाळायला एक चिकाटीचा माणूस लागतो. तो मिळेपर्यंत तालुक्यातल्या भरवशाच्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करा. मात्र पैसा कोण मागेल, सही कोण करेल, प्रकल्पाचे निर्णय कोणाचे, हे दोन पानांवर लिहून घ्या. मी एका गटाबरोबर काम करताना हे लिहून घेतलं नाही. छत्र धरणाऱ्या संस्थेने दुसऱ्या हप्त्यातला मोठा भाग आपल्या इमारतीच्या रंगकामाला वापरला आणि आमच्या हातात दाखवायला एक कागद नव्हता. मुलांना ते सांगताना माझी मान खाली गेली होती.

पैसा कधीही कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर घेऊ नका, तो माणूस कितीही सज्जन असो. खात्याला दोन सह्या ठेवा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका, आयकराच्या हिशेबात ती रक्कम खर्च म्हणून धरली जात नाही. जीपवाला पावती देत नाही ही कायमची अडचण. त्यासाठी आपणच व्हाउचर छापावं : तारीख, कुठून कुठे, किती जणी, रक्कम, गाडी नंबर, त्याची सही. काम संपल्यावर सीए सहीशिक्क्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, देतो, पण ते तुमच्या व्हाउचरांवर उभं असतं. शेवटच्या आठवड्यात आठवून आठवून व्हाउचर लिहू नका. तो खोटेपणाच आहे, आणि पाहणाऱ्याला एकाच शाईवरून कळतो.

ठरलेलं काम जमलं नाही तर लगेच कळवा. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली, परीक्षा आल्या, एका गावाने दार बंद केलं, हे सगळं होतं. चांगला देणारा वेळेत कळवलेलं समजून घेतो आणि ओळींमधली रक्कम इकडची तिकडे करायला परवानगी देतो. ती मेलवर, लेखी घ्या.

आणि हिशेबाची एक प्रत गावासाठी काढा. त्या गटाला शेवटी मागितल्यातले साधारण दोन तृतीयांश पैसे मिळाले आणि पाचाऐवजी तीन गावांत काम झालं. पहिल्या सहामाहीचा जमाखर्च त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारी चिकटवला. दुसऱ्या दिवशी महिला सभेत सत्तरीच्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “झेरॉक्सला अकराशे चाळीस रुपये कसे गं लागले?” सव्वापाचच्या एसटीबद्दल बोललेली ती मुलगी पिशवीतून पावत्यांची फाइल काढून त्यांच्याशेजारी जाऊन बसली, आणि एकेक पावती वाचून दाखवू लागली.